साभार परत

आम्हा लिहिणाऱ्यांना साभार परतीचं दुःख नवं नाही. लेख पाठवावा, महिनाभर पोस्टमनची वाट बघावी आणि एक दिवस तोच लेख घरी यावा, यात आमच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. पण संपादकांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. परत करण्याआधी तो लेख नेसून ते कुणाच्या बारशाला जात नसत.

ऑनलाइन साड्या विकणाऱ्यांचं नशीब एवढं थोर नाही. त्यांची साडी जाते कोऱ्या घडीची आणि परत येते ती चार दिवस नांदून. पदराला हळदीकुंकवाचं बोट, खांद्याशी सेफ्टीपिनांची भोकं, निऱ्यांना अत्तराचा वास आणि सोबत अ‍ॅपवर निवडलेलं कारण : ‘माप बसले नाही’. साडीचं माप! साडेपाच मीटरचं सरळ कापड, आजीला बसतं, नातीला बसतं, दुकानाच्या दारातल्या पुतळ्यालाही बसतं. ते ज्यांना बसत नाही असा एक ग्राहकवर्ग आता तयार झाला आहे. त्याला आपण परतकरी म्हणू. यात बाया आहेत तसे बाप्येही आहेत. लग्नाच्या वरातीत नाचून आलेली शेरवानी ‘रंग फोटोपेक्षा वेगळा’ म्हणून पाठवणारे वीर मी ऐकून आहे.

कल्याणच्या पुढे एका गाळ्यात माझा एक मित्र हा धंदा करतो. माल सुरतेचा, टेबलावर थर्मल प्रिंटर, कोपऱ्यात पॉलीबॅगांचा ढीग. त्याच्याकडे येणाऱ्या परतीच्या दोन जाती आहेत. पहिली आरटीओ, म्हणजे पार्सल दारापर्यंत गेलं आणि कुणी घेतलंच नाही. फोन बंद, नाहीतर ‘साहेब गावाला गेलेत’, नाहीतर ‘आम्ही मागवलंच नव्हतं’. यात मनस्ताप आहे, पण निदान साडी कोरी असते. दुसरी कस्टमर रिटर्न. ही घेतली, उघडली, पाहिली, बहुतेक वेळा वापरली आणि मग नापसंत पडली. मित्र म्हणतो, आरटीओ म्हणजे मोडलेलं लग्न, पण कस्टमर रिटर्नला पोटगी पडते.

पोटगीचा हिशेब सोपा आहे. साडी ५९९ रुपयांची धरा. खरेदी, कमिशन, पॅकिंग, पाठवणी वजा जाता हातात साठ रुपये उरले असं धरा. ती परत आली की साठ तर गेलेच, वर परतीच्या भाड्याचे शंभर गेले असं धरा. आता ते शंभर भरून काढायला त्याने आणखी दोन साड्या विकायच्या, आणि त्या घेणाऱ्या दोघींनीही ठेवायच्या. ठेवणारी बाई मिळावी म्हणून तो हल्ली देवाला साकडं घालतो. पूर्वी तो विक्री व्हावी म्हणून घालत असे.

नवरात्र हा त्याचा कसोटीचा काळ. एका मराठी दैनिकाने रोजच्या रंगाची टूम काढली आणि बघता बघता ती प्रथा झाली. लोकलच्या डब्यापासून बँकेच्या काउंटरपर्यंत सगळीकडे एका दिवशी एकच रंग. प्रथेला माझी हरकत नाही, माझ्याकडेही एक केशरी सदरा आहे. पण नऊ दिवसांच्या नऊ साड्या विकत घ्यायला नऊ साड्यांचे पैसे लागतात, आणि परत करायला फक्त अंगठा लागतो. सणाचे दिवस नऊ आणि परतीची मुदत सहसा सात दिवसांची, तरी परतकऱ्यांचं गणित चुकत नाही. साडी आदल्या संध्याकाळी येते, सकाळी नेसली जाते, दुपारी फोटो निघतात आणि मुदत संपायच्या आत पिकअपवाला दाराशी उभा असतो. पूर्वी शेजारणीची पैठणी मागून नेसायची पद्धत होती. त्यात मागताना थोडं लाजावं लागे, परत देताना धुऊन द्यावी लागे आणि शेजारीण कधीतरी आपली मोत्यांची नथ मागायला येई. परतकऱ्यांनी या जुन्या प्रथेचं आधुनिकीकरण केलं आहे. लाजणं, धुणं आणि शेजारीण, तिन्ही वगळली आहेत.

आता विक्रेत्याची बाजू घेतली म्हणून त्याला सोवळ्यात बसवू नका. परत करण्याची ही सवय लावली कुणी, याचा शोध घेत गेलं तर पहिला मुक्काम विक्रेत्याच्याच फोटोपाशी येतो. ५९९ रुपयांत ‘अस्सल पैठणी’, खाली बारीक अक्षरात ‘आर्ट सिल्क’. येवल्याचा विणकर हातमागावर एका पैठणीला आठवडे घालवतो, नक्षी भारी असेल तर महिने. ती पैठणी या भावात मिळाली असती तर विणकराने स्वतःच सात-आठ घेऊन ठेवल्या असत्या. फोटोतला मोर नाचतो, पार्सलमधला मोर कोंबडीसारखा दिसतो. मोबाइल मागवला आणि डब्यातून साबणाची वडी निघाली, अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. हा अविश्वास आधीपासूनचा, म्हणून तर फ्लिपकार्टने २०१० मध्ये ‘माल आल्यावर पैसे द्या’ ही सोय आणली आणि देश ऑनलाइन खरेदीला धजावला. न बघितलेल्या वस्तूसाठी न बघितलेल्या माणसाला आधी पैसे द्यायला आपल्याकडे कुणी तयार नव्हतं. परतीचं बटण हा त्याच अविश्वासावरचा उतारा. औषध चांगलं होतं. काही जणांनी त्याचं रोजचं सरबत केलं.

कायदा काय म्हणतो? सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा, असं २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो. त्याखाली जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा ठरल्या वेळेनंतर आला असेल, तर विक्रेत्याने तो परत घ्यायचा आणि पैसे द्यायचे. नियम चोख आहे आणि हवाच होता. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीखाली उभं राहून, उसवलेली शिवण दुकानदाराला दाखवण्याचा अपमान ज्यांनी भोगला आहे, त्यांना त्याची किंमत कळेल. पण त्या यादीत ‘कार्यक्रम आटोपला’ हे कारण मला कुठे सापडलं नाही. ते विक्रेते ज्यांच्या अ‍ॅपवर विकतात त्या ऑनलाइन बाजारांनी आपल्या उदार हस्ते घातलं. हस्त त्यांचा, खिसा विक्रेत्याचा.

त्याच नियमांत आणखी एक गंमत आहे. कॉपीराइट, ट्रेडमार्क वा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली काढून टाकलेला माल जो विक्रेता पुन्हा पुन्हा विकायला ठेवतो, त्याची नोंद बाजाराने ठेवावी असं तिथे लिहिलं आहे. योग्यच आहे. पुन्हा पुन्हा परत करणाऱ्याच्या नोंदीबद्दल मात्र अवाक्षर नाही. म्हणून बाजाराला ते ठाऊक नसतं असं समजू नका. तुम्ही रात्री दोन वाजता कुकरची शिट्टी शोधलीत, हे तो महिनोन्‌महिने विसरत नाही. तुमच्या अकरा परती तो कशा विसरेल? त्याला आठवतं. तो विक्रेत्याला सांगत नाही, एवढंच.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. परदेशी भांडवलावर चालणाऱ्या बाजाराला आपल्याकडे स्वतःचा माल ठेवून विकता येत नाही, त्याने नुसता बाजार भरवायचा. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने ते नियम आणखी आवळले. त्यामुळे माल विक्रेत्याचा, आणि म्हणून मालाचं नुकसानही विक्रेत्याचं. गिऱ्हाईक मात्र बाजाराचं! त्याचा फोन नंबर विक्रेत्याला मिळत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, त्याला टाळता तर मुळीच येत नाही. दादरच्या साडीच्या दुकानात गादीवर बसलेला सेल्समन चाळीस साड्या उलगडून दाखवी आणि बाई ‘पुन्हा येते हं’ म्हणून उठत. पण तिसऱ्या खेपेला तो ओळखे आणि पोऱ्याला चहा न सांगता नुसतं पाणी आणायला सांगे. शिष्टाचारात राहून केलेला एवढा स्पष्ट निषेध कुठल्याही अ‍ॅपला अजून जमलेला नाही. ईबेवर विक्रेत्याला नकोशा गिऱ्हाइकांची यादी करून त्यांना आपल्या दुकानापासून दूर ठेवता येतं. त्या ईबेचा भारतातला बाजार ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण मित्राला ही तारीख पाठ आहे.

परदेशात हा प्रश्न सुटला आहे असंही नाही. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने २०२३ मध्ये काही वस्तूंखाली ‘ही वस्तू वारंवार परत येते’ अशी चिठ्ठी लावायला सुरुवात केली. वस्तूला चिठ्ठी, माणसाला नाही. सून माहेरी आली की दोष सुनेचा, हा न्याय आपल्याला परका वाटू नये. ब्रिटनमध्ये असोस या कपड्यांच्या कंपनीने २०२४ मध्ये जरा धीर केला. सतत परत करणाऱ्यांनी ठरावीक रकमेचा माल ठेवला नाही तर परताव्यातून ३.९५ पौंड कापले जातील, असं सांगून टाकलं. ग्राहकांनी आरडाओरडा केला. मी तो इथून आनंदाने ऐकला.

दरम्यान मित्राने आपले उपाय चालू ठेवले आहेत. परतीच्या कारणांना तो वैतागतो, पण वाचतो. एका मरून रंगाच्या साडीबद्दल पाच जणींनी ‘रंग वेगळा’ लिहिलं तेव्हा त्याने फोटो खिडकीशी नेऊन दिवसाच्या उजेडात काढले आणि त्या साडीच्या परती खरोखर कमी झाल्या. म्हणजे त्या पाच जणी परतकरी नव्हत्या, बिचाऱ्या गिऱ्हाईक होत्या. हा फरक ओळखणं हाच अर्धा धंदा आहे असं तो म्हणतो. मग खऱ्या परतकऱ्यांसाठी त्याने पदराच्या दर्शनी भागावर तळहाताएवढा टॅग लावला : ‘हा काढल्यास साडी परत घेतली जाणार नाही’. पहिल्याच आठवड्यात एक साडी टॅगसकट आली. टॅगवर श्रीखंड होतं.

मग व्हिडिओ. हल्ली प्रत्येक ऑनलाइन विक्रेता हा सिनेदिग्दर्शक असतो. पॅक करताना एक चित्रपट, परतीचं पार्सल उघडताना दुसरा. कट चालत नाही, लेबल दिसलं पाहिजे, बारकोड दिसला पाहिजे, सहाही बाजू दिसल्या पाहिजेत. मित्राचा बारावीतला मुलगा एका टेकमध्ये हे सगळं घेतो. प्रेक्षक मात्र एकच, क्लेम तपासणारा, आणि त्याला कुठलाच चित्रपट आवडत नाही. साडीच्या जागी एक जुना गाऊन आला तेव्हा झालेला संवाद मित्राने मला वाचून दाखवला.

‘नमस्कार सर, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया परत आलेल्या वस्तूचा कोड कळवा.’

‘वस्तू माझी नाही. मी साडी पाठवली होती, गाऊन आलाय.’

‘सर, गाऊन आपल्या कॅटलॉगमध्ये दिसत नाही.’

‘तेच तर सांगतोय.’

‘जी वस्तू आपल्या कॅटलॉगमध्ये नाही, तिच्यासाठी क्लेम करता येत नाही, सर. आणखी काही मदत करू शकतो का?’

तिकीट बंद झालं. पाठोपाठ ‘आमची सेवा कशी वाटली’ हेही विचारण्यात आलं. गाऊन गाळ्यात पुसायला घेतला आहे. कापड चांगलं आहे म्हणतो.

शेवटी सगळे विक्रेते करतात तेच त्याने केलं, भाव वीस रुपयांनी चढवला. परतकऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, त्याला सगळेच पैसे परत मिळतात. वीस रुपये जातात ते साडी ठेवणाऱ्यांचे. गंगाखेडहून एकच साडी मागवणाऱ्या, ती भाऊबीजेला नेसणाऱ्या आणि खाली ‘छान आहे’ असं दोन शब्दांत लिहून विषय संपवणाऱ्या बाईंचे. परतकऱ्याच्या सणाचा खर्च त्या उचलत आहेत, आणि त्याचं त्यांना कुणी आमंत्रणही दिलेलं नाही.

काही बाजारांत हल्ली एकाच वस्तूला दोन किमती दिसतात. फक्त सदोष वा चुकीचा माल आला तरच परत करीन, असं कबूल करणाऱ्याला थोडी कमी. मन बदललं म्हणूनही परत करायची मुभा हवी असणाऱ्याला थोडी जास्त. हे सगळ्याच बाजारांनी करावं आणि फरक थोडा नव्हे, चांगला ठसठशीत ठेवावा, अशी माझी मागणी आहे. गंगाखेडच्या बाईंनी पहिली किंमत निवडावी. परतकऱ्यांनी दुसरी निवडावी, साडी हौसेने नेसावी, फोटो काढावेत आणि खुशाल परत पाठवावी. फक्त हल्ली काही साड्या मित्राकडे फॉल-पिको होऊन परत येऊ लागल्या आहेत, म्हणून जाता जाता सांगून ठेवतो : फॉल-पिकोचे पैसे कुठलंही अ‍ॅप परत देत नाही.