बुडायला निघालेला

आमच्या धाराशिवात नळाला पाणी कधी येईल हे नळालाही ठाऊक नसतं. अशा गावात आमच्या गल्लीतला एक पोरगा तीन वर्षं बुडायची तयारी करतोय. भाषा पुस्तकातून येत नसते, त्या लोकांत जाऊन तिच्यात बुडावं लागतं, असं त्याचं म्हणणं. हे पहिल्यांदा घरात सांगितलं तेव्हा आजीनं विचारलं, "कुणाचं बुडवायलास रं?" वडील पेपरातून मान वर न करता म्हणाले, "माझं."

गल्ली त्याला सेन्योर म्हणते. जर्मनीला निघालेली पोरं हल्ली कुठंही भेटतात. स्पेनला निघालेला आमच्याकडे हा एकच, त्यामुळे भाव खातो. इन्स्तितुतो सेर्वांतेसची ‘देले’ परीक्षा तो पुढच्या वेळी देणार आहे. गेल्या चारही वेळा पुढचीच वेळ होती.

तोवर त्यानं घराचंच स्पेन केलंय. दाराला ‘पुएर्ता’, मेजाला ‘मेसा’ अशा चिठ्ठ्या. पाट्या-वरवंट्याला शब्द सापडेना, म्हणून कोरीच चिठ्ठी. ती आता मिरचीनं लाल झालीय. परसातल्या शेळीच्या गळ्यात ‘काब्रा’. "काबरी कुठली रं, चांगली काळीभोर हाय," आजी म्हणाली. शेळी अर्थात उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव बदललं, तिचं कुणी बदललं नाही. संध्याकाळपर्यंत तिनं चिठ्ठी खाऊन टाकली. त्या घरात स्पॅनिश पचवलेली पहिली तीच.

मुळाक्षरांत पिढ्यान्‌पिढ्या बेकार बसलेल्या ञ ला मात्र त्यानं कामाला लावलं. ‘एस्पाञा’ म्हणताना त्याचा चेहरा पाहावा! ‘पगार’ म्हणजे स्पॅनिशमध्ये पैसे देणं, हे कळलं त्या दिवशी तो उड्या मारत आला. आपल्याकडे तो शब्द पोर्तुगीजांनी आणला, पण दोन्ही भाषा बहिणी-बहिणीच. "म्हणजे निम्मं मला येतंच की!" वडील म्हणाले, "शब्द आला. पगार कधी येणार?"

हल्ली तो मला काका म्हणत नाही. स्पॅनिशमध्ये काका म्हणजे तान्हं बाळ दुपट्यात करतं ते. मी अंकल झालोय.

दुपारी दोन ते चार तो ‘सिएस्ता’ घेतो. वैशाखात अख्खा मराठवाडा त्या वेळी आडवा असतो, पण आपण त्याला झोप म्हणतो, तिथंच मार खातो.

एकदा मी त्याला वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांचं सांगितलं. क्रांतिकारक माणूस, १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचला, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागला, मक्यावर संशोधन केलं. दिएगो रिव्हेरानं त्याला भित्तिचित्रात काढलं. "त्यांनी कुठला क्लास लावला होता?" मी विचारलं. सेन्योर क्षणभर थांबला. "तेव्हा कॉम्पिटिशन कमी होतं, अंकल."

परवा संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. तो मोबाइलवर बार्सिलोनातलं खोलीभाडं बघत होता. शेळी सुटली आणि शेजारच्या मेथीत घुसली. आजी दारातूनच ओरडली, "वामोस!" शेळी मुकाट्यानं वळली आणि दावणीकडं निघाली.

त्यानं मान वर केली. "आज्जे, ‘वामोस’ नाही, ‘बामोस’. तिथं ‘व’ चा ‘ब’ करतात."

तोवर शेळी खुंट्याला पोचली होती.