माझं घोडं कुठे पेंड खातं

मी राजूरचा, असं सांगितलं की समोरचा आधी हात जोडतो. ‘अरे वा, गणपतीचं राजूर!’ ते जालना जिल्ह्यातलं, मी म्हणतो, आमचं अकोले तालुक्यातलं. ‘म्हणजे विदर्भात.’ ते अकोला. असा दोनदा महाराष्ट्र फिरून आल्यावर मी शेवटी ‘भंडारदऱ्याच्या अलीकडे’ म्हणतो आणि सुटतो. ज्या माणसाला स्वतःचं गाव एका दमात सांगता येत नाही, त्याने साठीनंतर घोडा घेऊन अमेरिकेच्या माळरानावर जायला नको होतं. पण गेलो.

खापर भाच्यावर. तो नाशकात कॉम्प्युटरमधलं काहीतरी करतो. काय ते त्याने चारदा समजावलं आणि मी चारदा मान हलवली. दिवाळीला आला तो खताच्या गोणीएवढा जड लॅपटॉप घेऊन. म्हणाला, ‘मामा, रिटायर झाल्यापासून तुम्ही मामीच्या पायात पायात करताय असं मामी म्हणते. हे खेळा.’ खेळाचं नाव रेड डेड ऑनलाइन. काळ १८९८चा, मुलूख अमेरिकेच्या पश्चिमेचा. आपण घोड्यावर, कमरेला पिस्तूल, आणि त्याच माळरानावर जगभरातली खरीखुरी माणसं आपापल्या घरी बसून हिंडतायत.

आश्रमशाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला आहे. गप्प कसा बसणार? म्हटलं, ‘अरे, १८९०च्या जनगणनेनंतर तिथल्या सरकारनेच सांगून टाकलं की आता सरहद्द म्हणण्यासारखी रेघ नकाशावर उरलेली नाही. मग १८९८ साली तिथे जाऊन करायचं काय?’

‘मामा, खेळसुद्धा आटोपल्यातच जमा आहे. २०१८च्या नोव्हेंबरात सुरू झाला आणि २०२२च्या जुलैत बनवणाऱ्यांनी सांगितलं की यापुढे मोठी भर घालणार नाही. लोकांनी खेळातच जमून त्याचा अंत्यविधी केला.’

म्हणजे सरहद्द पुसून आठ वर्षं झालेल्या मुलखात, तेराव्याचं जेवण उठलेल्या खेळात मी शिरणार होतो. मी पंगतीला बसलो की जिलबी संपते, हे आमच्या सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक आहे. त्यामुळे नवल वाटलं नाही.

आता हा खेळ दीडशे जीबीचा. माझ्या मोबाइलला रोज दोन जीबी मिळतात. तोंडी हिशेब केला, पंचाहत्तर दिवस, तेही बायकोने मधे एकही मालिका पाहिली नाही तर. भाचा म्हणाला, मी नाशिकहून भरूनच आणलाय. अशी अख्खी अमेरिका घोटीमार्गे, बारीचा घाट चढून, एसटीच्या वरच्या फळीवर फराळाच्या पिशवीशेजारी बसून राजूरला उतरली.

पहिल्या रात्री मी फुशारक्या मारल्या, हे कबूल करतो. ‘आम्हाला काय शिकवतोस? आमचा मुलूखच बंडकऱ्यांचा. राघोजी भांगरे इथल्या देवगावचे. सावकार आणि इंग्रज, दोघांची झोप उडवली होती त्यांनी. १८४८च्या जानेवारीत तिकडे कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, आणि त्याच जानेवारीत राघोजी पंढरपुरात पकडले गेले. २ मेला ठाण्याच्या तुरुंगात फाशी. त्याआधी हे डोंगर इंग्रजांनी पालथे घातले, पण माणूस हाती लागला नव्हता!’ भाचा शांतपणे म्हणाला, ‘बघू, तुम्ही किती वेळ टिकता.’

मी चार मिनिटं टिकलो. पण ते पुढे.

आधी आपला चेहरा घडवायचा असतो. नाकाची लांबी, कपाळाची उंची, डोळ्यांचा रंग, इतकंच काय, दात किती किडलेले हवेत तेही ठरवता येतं. मी गांधी टोपी शोधली, नव्हती. धोतर नव्हतं. दोन तास खपून एक रुबाबदार, करारी, जरा क्लिंट ईस्टवुडच्या वळणाचा माणूस तयार केला. बायको चहा ठेवायला आली, पडद्याकडे बघून थबकली आणि म्हणाली, ‘अगंबाई, दादा!’ दादा म्हणजे माझे सासरे. जाऊन नऊ वर्षं झाली. तिने पदर डोळ्याला लावला, त्यामुळे चेहरा बदलायची सोय राहिली नाही. तेव्हापासून अमेरिकेत जे काही झालं ते सासऱ्यांच्या अंगावर झालं. माणसाला याहून वेगळं काय सुख हवं म्हणा, पण ते लिहिण्याची ही जागा नव्हे.

खेळाची सुरुवात तुरुंगात होते. न केलेल्या खुनासाठी आपल्याला फाशी ठरलेली असते. मग लेक्लर्क नावाची एक विधवा बाई आपल्याला सोडवते. तिच्या नवऱ्याचा खून झालाय, खरे मारेकरी शोधायचेत. बाई फार गंभीरपणे बोलत होती आणि पडद्यावर सासरे माना डोलवत होते. बोलणं इंग्रजी, तेही तोंडात तंबाखू धरून बोलल्यासारखं. मला कळलं ते एवढंच, की घोडा मिळणार.

घोडा मिळाला. बरगड्या मोजून घ्या असा. आमच्याकडे दर हिवाळ्यात डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. वडिलांची जोडी तिथे दोनदा उभी राहिली होती. त्यामुळे जनावर पाहिलं की माझा हात आपोआप त्याच्या पुठ्ठ्याकडे जातो. इथे हात नव्हता, बटणं होती. घोड्यावर बसायचं ई, ठोसा मारायचं एफ. दोघांत एका बोटाचं अंतर. मी चष्मा सावरला, ‘जय बजरंगबली’ म्हटलं आणि घोड्याला एक सणसणीत ठोसा हाणला. त्याने, योग्यच होतं, मला लाथ घातली. सासरे उताणे. भाचा हसून हसून पलंगावरून खाली. आतून बायकोचा आवाज, ‘काय झालं हो दादांना?’

दुसऱ्या अडचणीचा विचार भाच्याने केलाच नव्हता. मी माळकरी. वडिलांनी विसाव्या वर्षी माळ घातली, तेव्हापासून अंडंदेखील नाही. आणि या खेळात जगायचं म्हणजे हरीण मारा, सोला, कातडं विका, मांस शेकोटीवर भाजून खा. मी म्हटलं, नुसतं चित्रातलं हरीण आहे. बायको म्हणाली, ‘मग माळ काढून खुंटीला लावा आणि काय ते मारा.’ यावर काय बोलणार? मी दुकानातून डब्यातलं खायला लागलो. पीच, जर्दाळू, मका, घेवड्याच्या दाण्यांची कसलीशी उसळ. पश्चिमेच्या त्या रासवट मुलखात सगळे अस्वलाच्या मागे धावत असताना माझे सासरे झाडाखाली बसून एकादशी केल्यासारखे डबे फोडत होते.

माझ्याजोगता एकच धंदा तिथे होता. मादाम नाझार नावाची एक बाई रानफुलं, पक्ष्यांची अंडी, जुनी नाणी, पत्ते असलं गोळा करून आणणाऱ्याला पैसे देते. रक्तपात नाही. पावसाळ्यात आमच्या ठाकर-कोळी बाया रानभाज्या खुडून बाजारात आणतात, त्यातलाच प्रकार. आणि या धंद्याचं नाव काय, तर कलेक्टर! आईची फार इच्छा होती मी कलेक्टर व्हावं. उशिरा का होईना, म्हटलं, माउलीचं ऐकू. तर त्या पदाला पंधरा सोन्याच्या लगडी लागतात. माझ्याजवळ होते मोजके डॉलर आणि मक्याचा एक डबा. आई, राहिलंच बघ.

तर ती चार मिनिटं. व्हॅलेंटाइन नावाचं एक गाव लागलं. हा भूगोल सगळा मनचा आहे, हे मला फार लागलं. तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलेली मिसिसिपी इथे नाहीच, तिच्या जागी लॅनाहेची नावाची नदी वाहते. पण व्हॅलेंटाइनमध्ये शिरलो आणि जीव निवला. जनावरांच्या बाजाराचं गाव. घोट्यापर्यंत चिखल, मेंढरांचे वाडे, शेणामुताचा वास यावा असा रस्ता, आणि काही कामधंदा नसलेली माणसं खांबाला टेकून उभी. अगदी आपल्याकडच्या बाजाराच्या दिवसासारखं. मी भारावून पहिल्याच माणसाला राम राम घालायला गेलो. कुणाकडे नजर रोखून बटण धरलं की बोलायची सोय होते, हे भाच्याने शिकवलं होतं. हातात आधीच बंदूक असेल तर त्याच बटणाने ती रोखली जाते, हे सांगायचं राहिलं होतं. माझ्या राम रामाला तो माणूस ओरडत पळाला. त्याची समजूत काढायला मी आणखी एक बटण दाबलं. शिट्ट्या वाजल्या, चारी बाजूंनी शिपाई धावले, आणि आमचे बंडकरी सासरे चिखलात आडवे.

‘चार मिनिटं,’ भाचा घड्याळ बघून म्हणाला.

दिवाळी संपली, भाचा गेला, लॅपटॉप ‘नाताळात नेतो’ म्हणून ठेवून गेला. मी रोज रात्री आठ ते साडेनऊ अमेरिकेत. गुपचूप. निदान माझी तशी समजूत होती.

पाचव्या की सहाव्या रात्री व्हॅलेंटाइनच्या रस्त्यावर दोन खेळाडू समोर आले. खरी माणसं. उंची कोट, चकचकीत घोडे. माझा तट्टू त्यांच्यापुढे लाजून उभा. मी टोपीला हात लावावा म्हणून बटण शोधतोय तोच एकाने फास फेकला, सासरे खाली आले, आणि घोड्यामागून चिखलातून फरफटत निघाले. आता हे मात्र मला सहन होईना. मी पडद्यावर ओरडलो, ‘अरे सोडा रे मेल्यांनो! म्हातारा माणूस आहे!’

स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘कुणाला सोडा म्हणताय? आणि पंप बंद केलात का? टाकी वाहतेय कधीची!’

पुढचा घोडा थांबला. लॅपटॉपमधून एक कोवळा आवाज आला, अत्यंत अदबीने. ‘अंकल, आंटी बुला रही हैं। टंकी भर गयी।’

माझ्या अंगाला कापरं भरलं. भाच्याने जाताना माइक चालू ठेवला होता. म्हणजे गेले पाच दिवस पश्चिमेच्या त्या विराण माळरानावर, कोल्हेकुईच्या साथीने, आमच्या घरातला कुकर शिट्ट्या देत होता. दळणाचा डबा, गॅसचं पुस्तक, माझ्या बद्धकोष्ठावरची चर्चा, हरिपाठ, सगळं. कुठल्या कुठल्या देशाच्या दरोडेखोरांनी ते ऐकलं असेल, देव जाणे.

मी सासऱ्यांना बांधलेल्या अवस्थेत तसंच टाकून पंप बंद करायला गेलो. परत आलो तर दोर सोडलेला होता आणि दोघं घोड्यांवरून उतरून राखणीला उभे. दुसरा म्हणाला, ‘काका, मराठी ना तुम्ही? कुठलं गाव?’

‘राजूर.’

‘अरे वा, गणपतीचं! मी जालन्याचाच.’

चिखलात पडलेल्या माणसाने वाद घालू नये. मी म्हटलं, ‘हो, गणपतीचं.’

पोरं चांगली निघाली. मला गावाबाहेरपर्यंत सोडायला आली, वाटेत कुणी आडवं आलं तर ‘काका हैं’ एवढंच सांगत. पण त्या दिवसापासून माझा उत्साह मावळला. लेक्लर्क बाईच्या नवऱ्याचे मारेकरी अजून मोकाट आहेत. बाईने मला पत्रंही पाठवली आहेत. मी पोस्टात जात नाही.

मी घोड्याचं करतो. त्याला ब्रशने खरारा करायची सोय आहे, ते बटण मला चुकून सापडलं. पुठ्ठ्यापासून मानेपर्यंत हात फिरतो, चिखल उतरतो, खालची कांती दिसायला लागते, आणि तो मान झटकून फुरफुरतो. आमच्या डांगी बैलांना याची फारशी गरज नसते. त्यांच्या कातडीला अंगचंच तेल असतं, कळसूबाईकडून आलेला पाऊस त्यांच्यावरून नुसता ओघळून जातो. तरी वडील संध्याकाळी घासायचेच. शेवटची जोडी विकली तेव्हा मी नोकरीत होतो, बाजाराला गेलो नाही. असो. अमेरिकेतल्या माझ्या घोड्याच्या बरगड्या आता दिसत नाहीत, आणि तो मला लाथ घालत नाही, याला कारण मी एफ बटणावर चिकटपट्टी लावली आहे.

बायको मधूनमधून येऊन उभी राहते. सुरुवातीला दादांना बघायला यायची. आता म्हणते, ‘दादांना असं टापटीप जनावर कधी जमलं नाही.’

परवा रात्री नेमका खरारा अर्धा झाला आणि लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी आधीच म्हातारी, तोही लगेच मिटला. आम्ही दोघं अंधारात बसलो. बाहेर पावसाची एक सर पत्र्यावरून गेली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली,

‘अहो, त्याला पेंड घातली होती का?’

‘नाही.’

‘रोज आधी डबे फोडता स्वतःसाठी,’ असं म्हणून ती मेणबत्ती शोधायला उठली.