सुरुंग, सिरिंजा आणि एक अहवाल

झाशीच्या बाजारात मराठी आणि हिंदी यांच्यात फक्त एका अनुस्वाराचे अंतर आहे. 'दुकान' हा बाहेरून आलेला शब्द दोघींनीही ठेवून घेतला. हिंदीने त्याला स्त्रीलिंगी केले, म्हणून तिथे 'दुकानें'. मराठीने नपुंसकलिंगी केले, म्हणून आपली 'दुकाने'. मराठी माणूस सर्दी झाल्यासारखा बोलला, की झाली हिंदी.

अशी सोय असलेल्या गावात मराठी घरे आहेत आणि ती काल-परवा आलेली नाहीत. पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी 1742 च्या सुमारास झाशीचा कारभार हाती घेतला, पुढे नेवाळकर आले. 1842 मध्ये गंगाधरराव नेवाळकरांचे लग्न झाले ते इथल्याच गणेश मंदिरात, आणि मोरोपंत तांब्यांची मनू लक्ष्मीबाई झाली. सुभेदारी गेली, संस्थान गेले, पण काही घरांत वरण-भात आणि षष्ठी विभक्ती टिकून राहिली. आमच्या नात्यातल्या एक काकू अशाच घरातल्या. त्या म्हणतात, “चाब्या कुठं ठेवल्यास? सडका फार खराब झाल्यात, रिक्षानं जा.” पुण्याचा पाहुणा 'चाब्या' ऐकून गालात हसतो. त्याची स्वतःची 'चावी' आणि काकूंची 'चाबी' दोन्ही पोर्तुगीज घरातून आलेल्या सख्ख्या बहिणी आहेत, आणि अनेकवचन करताना पोर्तुगिजांना विचारावे असे ना पुण्याला वाटले, ना झाशीला.

उसना शब्द एकवचनात असतो तोवर सगळे ठीक चालते. दुसरा नग आला की प्रश्न उभा राहतो: प्रत्यय त्याच्या माहेरचा लावायचा की आपला? मराठीत 'फायली', 'बँका', 'सायकली' बिनतक्रार रुळल्या. 'बस'पाशी मात्र गाडी अडली. 'बसेस' म्हणावे तर इंग्रजी, 'बसा' म्हणावे तर समोरचा माणूस खुर्ची ओढून खाली बसतो.

रोमन लोकांनी हा घोळ दोन हजार वर्षांपूर्वीच घालून ठेवला आहे. रोमच्या सुशिक्षितांना ग्रीक येणे म्हणजे आपल्याकडे इंग्रजी येणे. शब्द तिकडून भराभर आले आणि येताना स्वतःचे व्याकरण घेऊन आले. 'पोएमा' म्हणजे कविता. तिचे अनेकवचन ग्रीक वळणाचे, 'पोएमाता'. इथवर शिस्त होती. पण 'कवितांना' असे म्हणायची वेळ आली, की नियमाने होणारे 'पोएमातिबुस' जिभेला जड जाई. मग पुष्कळ जण सरळ 'पोएमातिस' म्हणत, म्हणजे भलत्याच वर्गातल्या लॅटिन नामाचा प्रत्यय जोडून देत. 'केटुस' म्हणजे देवमासा. दिसायला अगदी घरचा लॅटिन पुल्लिंगी शब्द. त्याचे अनेकवचन करा, तो एकदम ग्रीक नपुंसकलिंगी 'केटे' होतो. एक देवमासा रोमन, दोन देवमासे परदेशी!

यावर भांडणारी माणसेही साधीसुधी नव्हती. इ.स.पू. 50 च्या डिसेंबरात रोमन मुत्सद्दी सिसेरोने अ‍ॅटिकस या मित्राला पत्र लिहिले. सीझरने रुबिकॉन नदी ओलांडायला जेमतेम महिना उरला होता, प्रजासत्ताक कोसळायच्या बेतात होते. पत्रात त्याची चिंता आहेच. पण अथेन्सच्या बंदराचे, पिरिअसचे नाव आपण कसे लिहिले याचा खुलासाही आहे. आधीच्या पत्रात त्या नावाआधी सिसेरोने एक शब्दयोगी अव्यय लावले होते आणि अ‍ॅटिकसने ते धरले होते. सिसेरोचे म्हणणे असे, की मला त्यासाठी कशाला बोलतोस, मी रोमन असून सगळ्या आपल्या लोकांसारखे 'पिराएउम' न लिहिता ग्रीक 'पिराएआ' लिहिले, याबद्दल बोल! राज्य बुडत असताना विभक्तीची काळजी करणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो. खुद्द सीझर या बाबतीत काकूंच्या पक्षाचा होता. ग्रीक पुराणातली अप्सरा कॅलिप्सो, तिचे नाव तो बेलाशक लॅटिन पद्धतीने चालवी. पुढे जवळजवळ दीडशे वर्षांनी क्विंटिलियन या शिक्षकाने आपण तसे करणार नाही म्हणून नाक मुरडले. सीझर हयात नसल्याने ते सोपेही होते.

ग्रीकांचा आणि झाशीचा काय संबंध, असे कोणाला वाटेल. मागे काकूंकडे पुण्याचे पाहुणे असताना किल्ल्याची गोष्ट निघाली. काकू म्हणाल्या, “जपून हिंडा हो, आत सुरुंग आहेत म्हणतात.” पाहुण्यांचा चहा पेल्यातच राहिला. 1858 च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजने झाशीला वेढा घातला होता हे त्यांना पाठ होते. तेव्हाची दारू अजून पुरलेली आहे की काय, अशी त्यांना धास्ती पडली. काकूंना म्हणायची होती भुयारे. प्रत्येक जुन्या किल्ल्याला लोक अशी भुयारे बहाल करतातच. हिंदीतली 'सुरंग' त्यांच्या मराठीत 'सुरुंग' होऊन आली होती, आणि मराठीत एक सुरुंग आणि दहा सुरुंग यांत फरक दिसतच नाही. हिंदीत निदान 'सुरंगें' तरी होतात.

हा सुरुंग मूळचा ग्रीक 'सिरिंक्स', असे बहुतेक अभ्यासक मानतात. सिरिंक्स म्हणजे पोकळ नळी, बासरी, पुढे भुयार. संस्कृतात त्याची 'सुरुङ्गा' झाली आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ती आहे. तीच नळी लॅटिनमधून इंग्रजीत गेली, तिची 'सिरिंज' झाली आणि औषधाच्या दुकानात येऊन बसली. काकूंना मधुमेह आहे. त्या दुकानदाराकडे चार 'सिरिंजा' मागतात. रोमन माणसाने 'सिरिंगेस' मागितल्या असत्या. काकूंचे काही अडलेले नाही. 'कलम' हाही मुळात ग्रीक बोरू, अरबीतून आला. आमची कायद्याची आणि आंब्याची 'कलमे', हिंदीतल्या लेखण्या 'कलमें'. पुन्हा तीच सर्दी.

खरी गंमत अरबीतून आलेल्यांची. तिथले कितीतरी शब्द अनेकवचनातच आले आणि इथे एकटे राहिले. 'अखबार' म्हणजे मुळात खबरी, अनेक. 'औलाद' म्हणजे मुले. 'उमराव' म्हणजे अमीर मंडळी. 'नवाब' हे 'नायब'चे अनेकवचन. तरी बाजीरावाच्या वंशातला बांद्याचा नवाब एकटाच, आणि त्याला कोणी 'बांद्याचे अनेक नायब' म्हटले नाही. आज गाडीत 'एक लेडीज बसल्यात' म्हणणारा कंडक्टर याच जुन्या रस्त्याने चालला आहे. त्याला अडाणी ठरवणारे लोक 'एक क्रायटेरिया' ऐकूनही कपाळाला हात लावतात, कारण तेही ग्रीक अनेकवचन. त्यांनी आधी 'एक नवाब' म्हणणे सोडावे, मग आपण बोलू.

आणि अहवाल सादर करणेही सोडावे. 'अहवाल' हे अरबी 'हाल'चे अनेकवचन: हाल म्हणजे स्थिती, अहवाल म्हणजे अनेक स्थिती. मराठीने हे नेमके उलटे केले. मूळचा एकवचनी 'हाल' आपल्याकडे एकटा कधी येत नाही, हाल नेहमी 'होतात', आणि मूळचा अनेकवचनी अहवाल एकच असतो, तोही समितीने दिलेला. लोकांचे हाल पुष्कळ आणि त्यांवरचा अहवाल एक, यात मराठीचे काही चुकले असे मला वाटत नाही.