बाबासाहेब घरी नाहीत

थोरामोठ्यांची घरं जपण्यात एक पंचाईत असते. ज्यांच्यासाठी घर जपायचं, ते हयातीत घरी फारसे सापडतच नसत.

लंडनच्या प्रिमरोझ हिल भागातलं 10, किंग हेन्रीज रोड हे घर घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये इथे राहत होते, असं दाराजवळची निळी तबकडी सांगते. राहत होते म्हणजे रात्रीपुरते पाठ टेकायला येत होते. दिवसभर त्यांचा मुक्काम ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात. सकाळी दार उघडायला हजर, आणि संध्याकाळी बंद करणाऱ्यांनी उठवल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. खोलीवर आले की पुन्हा पुस्तकं. रात्री दहाला भूक लागली की कुणा ओळखीच्या माणसाने दिलेले चार पापड भाजायचे आणि वर कपभर दूध, असं धनंजय कीर लिहितात. खोलीतला सोबती बिचारा 'आता झोपा' म्हणून विनवायचा. त्याचंही एखादं छोटं स्मारक व्हायला हरकत नव्हती. अशा माणसाबरोबर एका दिव्याखाली झोपायचं म्हणजे गंमत नाही.

एवढी घाई कशाची? बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. भरीला, ज्या जहाजात सामान होतं तेही युद्धात बुडालं आणि पुस्तकांचा संग्रह समुद्राच्या तळाशी गेला. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी हात दिला, मित्र नवल भथेनांकडून कर्ज घेतलं आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठलं. अशा पैशांतल्या प्रत्येक पेनीचा हिशोब द्यावा लागतो, तो द्यायचा तर झोपेतून कापूनच.

या धडपडीतून डी.एस्सी.चा जो प्रबंध निघाला, त्याचा विषय होता रुपयाचा प्रश्न. रुपयाची गाठ पौंडाशी बांधून सरकारने काय घोळ घातला, याची त्यात झाडाझडती आहे. आता गंमत पाहा. तेच घर 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. तिथल्या आंबेडकरी संघटनेने घर विक्रीला निघाल्याची खबर दिली होती. किंमत सुमारे 31 लाख पौंड, आणि तेव्हा एका पौंडाला शंभराच्या आसपास रुपये पडत. कोट्यवधी रुपये मोजताना मंत्रालयातल्या कुणी तो प्रबंध चाळला असता, तर निदान सही करताना गालातल्या गालात हसू तरी आलं असतं.

बाबासाहेबांच्या मनाजोगतं घर खरं तर आपल्या दादरला आहे. हिंदू कॉलनीतलं 'राजगृह' त्यांनी बांधलं ते मुळी पुस्तकांच्या सोयीने. माणसांनी उरलेल्या जागेत राहायचं. त्यांनीच बांधलेली 'चार मिनार' ही इमारत पुढे विकली, पण ग्रंथालयाचं घर सोडलं नाही. लंडनचं घर मात्र भाड्याचं. आणि भाडेकरूच्या आठवणीसाठी सरकारने अख्खी इमारत घ्यावी, हे ऐकून गिरगावातल्या कुठल्याही चाळमालकाला घाम फुटेल.

लंडनच्या त्या घरात संग्रहालय झालं, आणि 14 नोव्हेंबर 2015 रोजी भारताच्या पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. लोक दुरून येऊ लागले, दारात फोटो काढू लागले. इथेच शेजारधर्म आडवा आला. कॅम्डेनच्या नगरपालिकेकडे तक्रारी गेल्या: गाड्या भरभरून माणसं येतात, गलका होतो. नगरपालिकेने कागद काढले. ही तर राहण्याची जागा, संग्रहालयाची परवानगी कुठे आहे? लंडनमध्ये घरांचा आधीच तुटवडा, त्यात एक राहतं घर कमी झालं, असा मुद्दा. 2018 मध्ये परवानगी नाकारली गेली. म्हणजे जिथे भाडेकरू जेमतेम झोपण्यापुरता येई, ते घर राहण्यासाठीच राखलं पाहिजे, असा एकंदर आग्रह. याच भागात एंगेल्स चोवीस वर्षं राहिले; त्यांच्या दारावर नुसती तबकडी आहे, त्यामुळे ते शेजाऱ्यांच्या नजरेत निरुपद्रवी ठरले असावेत.

प्रकरण चौकशी अधिकाऱ्यापुढे गेलं, 2019 मध्ये रीतसर सुनावणी झाली, दोन्ही बाजूंच्या वकिलांनी बाजू मांडल्या. ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेल्या भाडेकरूला ती फाईल वाचायला मजा वाटली असती. त्यातल्या दोन-चार मुद्द्यांवर त्यांनी पेन्सिलने फुल्याही मारल्या असत्या.

अखेर मार्च 2020 मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी निकाल दिला: संग्रहालय चालू द्या, लोकांना येऊ द्या. त्याच महिन्यात कोरोनामुळे लंडनला टाळं लागलं, आणि तक्रारदार शेजाऱ्यांना हवी होती तेवढी शांतता, अर्जही न करता मिळाली.