नाश्ता झाला, आता भूक लागली

पुण्याहून शुक्रवारी रात्री निघालेली गाडी संगमनेर, अकोले मागं टाकत पहाटे राजूरला येते, तेव्हा आतल्या चौघांच्या पोटातली भूक आणि मनगटावरची घड्याळं एकदमच जागी होतात. पुढं बारी गाव, तिथून कळसूबाई. उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच फक्त भाव चढतात. चढाईआधी पोटात काहीतरी हवं म्हणून गाडी रस्त्यालगतच्या हॉटेलाशी थांबते. राहायची सोय नसलेल्या जागेला हॉटेल म्हणायचं, हा आपला जुना रिवाज आहे.

कढईत वडा उसळत असतो. चौघांपैकी जो सर्वांत सुदृढ आणि म्हणून सर्वांत घाबरलेला, तो म्हणतो, ‘‘तळलेलं नको, पोहे द्या. हलके असतात.’’ दुसऱ्याला पोहेही चालत नाहीत. तो पिशवीतून काचेची बरणी काढतो. आत रात्रभर दुधात भिजलेले ओट्स. राजूरची एखादी आजी याला सरळ ‘शिळं’ म्हणेल. इन्स्टाग्राम याला ‘ओव्हरनाइट’ म्हणतो आणि वर बदामाचे चार काप लावतो. तिसरा राजूरचे पेढे प्रसिद्ध आहेत हे ऐकून आलेला, त्यामुळं त्याचा नाश्ता खवा आणि साखर यांच्या हाती. चौथा चहाच्या दोन कपांवर भागवतो, कारण त्याचा उपास सोळा तासांचा आहे आणि तो भर चढात सुटणार आहे.

साडेनऊच्या सुमारास, कळसूबाईच्या लोखंडी शिडीपाशी, चौघांपैकी तिघांचं एकमत होतं. भूक लागली. बरणीवाला तेवढा गप्प असतो. शिळ्याचं सामर्थ्य मोठं.

यात चूक शब्दाचीही आहे. ‘नाश्ता’ हा शब्द फारसीतून आला आणि तिथं ‘नाश्ता’ म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी. मराठीत येईपर्यंत अर्थ उलटला, पण पुष्कळ घरांतले नाश्ते अजून मूळ अर्थाला जागून आहेत. बशी रिकामी होते, पोटही तासाभरात पुन्हा फारसी होतं.

राजूर, भंडारदरा, रतनवाडी या पट्ट्यात ज्याला न्याहारी म्हणतात, ती वेगळी चीज. तिला वेळेचं बंधन नसून कामाचं असतं. जुलैत भाताची आवणी लागली की बाया सकाळीच चिखलात उतरतात, डोक्यावर इरलं किंवा प्लॅस्टिकचा कागद, कंबर वाकलेली, पाऊस पाठीवर. दुपार कलेपर्यंत बांधावर यायचं नसतं. तिथं मधल्या वेळच्या खाण्याचा सल्ला द्यायला कोणी आहारतज्ज्ञ चिखल तुडवत येत नाही. म्हणून चुलीपुढं जे ठरतं, तेच टिकतं: नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, असलंच तर हुलग्याचं काहीतरी.

नागली म्हणजे बाकी महाराष्ट्राची नाचणी. तिची भाकरी करून पाहावी म्हणजे शहरी आत्मविश्वास जागच्या जागी उतरतो. या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. म्हणून पाण्याला आधण यावं लागतं, त्यात पीठ टाकून उकड काढायची, चटके सोसत मळायची, मग हात ओला करून थापायची. थापताना कडा फाटतात. त्या करंगळीच्या बाजूनं आत ढकलत भाकरी फिरवत राहायचं. तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात, आणि उलटल्यावर ती फुगली तर घरात समाधान पसरतं. रंग तपकिरी, जवळजवळ काळा. जाहिरातीत हा रंग फक्त चॉकलेटला शोभतो. खुरासणी, म्हणजे कारळे, तव्यावर भाजून लसूण, मिरची, मिठाबरोबर कुटली की चटणीला असा तेलकट वास सुटतो की बरणीतले ओट्स हलके हलके शरमिंदे व्हावेत.

आता हे सारं जुनं ते सोनं म्हणून सांगितलं तर कोणी मानणार नाही. विज्ञान हवं. तर विज्ञान सिडनीला आहे. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ घेतले. प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाटा लोकांना खाऊ घातला आणि दर पंधरा मिनिटांनी पोट किती भरलं वाटतं, ते विचारत राहिले. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. उकडलेला बटाटा ३२३ वर जाऊन बसला. ओट्सची खीर २०९, अंडी १५०, कॉर्नफ्लेक्स ११८. केक ६५. आणि ज्याच्या नुसत्या उच्चारानं आपल्याकडच्या कॅफेत बिल वाढतं, तो क्रोसाँ ४७, म्हणजे यादीत तळाला.

कारणं साधी निघाली. तेवढ्याच कॅलरींत जे वजनाला जड, ज्यात पाणी, चोथा, प्रथिनं जास्त, ते पोट धरून ठेवतं. जे तुपकट, तेलकट आणि जिभेला फार गोड लागतं, ते धरत नाही. थोडक्यात, जे खाताना मजा येते त्यानं भूक लवकर लागते. निसर्गाचा विनोद काहीसा कोरडाच.

या प्रयोगात नागली नव्हती, पोहेही नव्हते, त्यामुळं त्यांना गुण देण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण प्रयोगातली एक गोष्ट राजूरला सांगितली तर चिखलातली बाई हसेल. पोट किती वेळ भरलेलं राहतं हे त्यांनी फक्त दोन तास मोजलं. दोन तासांत आवणीचं एक खाचरही उरकत नाही.

पोह्यांवर इथं राग नाही. कांदेपोह्यांनी महाराष्ट्रात इतकी लग्नं जुळवली आहेत की त्यांच्याविरुद्ध लिहिणं धोक्याचं. पण लग्न जुळवणं हे त्यांचं काम, डोंगर चढवणं नव्हे. नुसते पोहे म्हणजे चेपलेला तांदूळ, फोडणी आणि वरून शेव. त्यात मूठभर शेंगदाणे आणि मोड आलेली मटकी पडली, बाजूला दही किंवा उकडलेलं अंडं आलं, की तेच पोहे दुपारपर्यंत सोबत करतात. मिसळीचं उलटं आहे. तिच्यात मटकीचा खरा ऐवज असतो, आणि आपण सगळी अक्कल तर्री किती लाल आहे यावर खर्च करतो. सोबत पाव दोन म्हणता म्हणता चार. उपासाच्या साबुदाण्याबद्दल बोलायलाच नको. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट. पोटाला तासभर वाटतं की काहीतरी मोठं घडलं.

आणि हो, उपासावरून आठवलं. वरई. तिलाच भगर असंही म्हणतात आणि शहरात आषाढी-कार्तिकीला, चतुर्थीला ती उपासाचं म्हणून शिजते. राजूरच्या वरच्या डोंगरउतारांवर नागलीबरोबर हीच वरई पिकते. तिथं ती रोजचं अन्न म्हणून खाल्ली गेली, भाताऐवजी, पोट भरायला. एकच दाणा, घाटाच्या वर जेवण आणि शहरात जेवणाला सुट्टी. डोंगरातल्या माणसाला आपण जन्मभर उपास केला हे कोणी कळवलंच नाही, नाहीतर केवढं पुण्य पदरात पडलं असतं.

सकाळचं खाणं ही एवढी मोठी गोष्ट कधी झाली, हेही पाहण्यासारखं आहे. १९१७ मध्ये अमेरिकेतल्या ‘गुड हेल्थ’ नावाच्या मासिकात लेना कूपर या आहारतज्ज्ञ बाईंनी लिहिलं की सकाळचं खाणं हे दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं. मासिकाचे संपादक होते डॉ. जॉन हार्वे केलॉग. म्हणजे कॉर्नफ्लेक्सच्या जन्मदात्यांपैकी एक. आलं विकणाऱ्यानंच आल्याचे गुण सांगितले तर आपण ते जरा कमीच घेतो. इथं साऱ्या जगानं पेटीच उचलली.

हीच पेटी १९९४ मध्ये भारतात आली आणि कारखाना उभा राहिला तो आपल्याच तळोज्याला. पण घराघरांतल्या आयांनी केलॉग कंपनीला एक धडा दिला, जो व्यवस्थापनाच्या वर्गांत अजून शिकवला जातो. सकाळी मुलाला थंड दूध द्यायचं, हे कोणत्याही आईला पटेना. त्यांनी दूध तापवून ओतलं. कुरकुरीत म्हणून विकलेला पदार्थ क्षणात लगदा झाला. कंपनीला वाटलं ग्राहक चुकतोय. ग्राहकाला वाटलं ही तर पेज, आणि पेज तर आपल्याकडं तांदळाची फुकट होते.

पुढं कंपन्या शहाण्या झाल्या, आणि सरकारही. २०१८ मध्ये भरड धान्यांचं सरकारी नाव ‘पौष्टिक तृणधान्यं’ झालं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे त्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष केलं आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात नागली ‘श्रीअन्न’ झाली. एवढी बढती अकोले तालुक्यात फारशी कोणाच्या वाट्याला आली नसेल. त्याआधी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनवर तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो ठरवलं होतं. म्हणजे श्रीमंतीच्या क्रमात श्रीअन्न शेवटी. प्रत्यक्षात दुकानात आले ते मुख्यतः तांदूळ आणि गहूच. ज्यानं नागली पिकवायची त्यानं रेशनचा गहू खायचा, आणि ज्यानं गहू सोडलाय त्यानं शहरात नागलीचं पीठ देखण्या पुड्यात घ्यायचं, असा हा व्यवहार.

नागलीचा मान खोटा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ११ ग्रॅमच्या आसपास चोथा आहे. ते सगळं कॅल्शियम शरीराला लागत नाही, काही दाण्यातच अडकून राहतं, आणि मोड आणून दळलं तर अधिक सुटतं, हेही खरं. नाचणीसत्त्व करणाऱ्या आज्यांना हे तक्ता न पाहता माहीत होतं. हुलग्यात तर १०० ग्रॅमला २० ग्रॅमहून जास्त प्रथिनं. डब्यावर ‘हाय प्रोटीन’ लिहून विकण्यासाठी यापेक्षा कितीतरी कमी लागतं.

जवळच कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरे यांनी घरात देशी बियाण्यांची बँक उभी केली. वाल, घेवडे, भात, नागली अशी वाणं मडक्यांत, गाडग्यांत जपली आणि बायफ संस्थेच्या साथीनं ती गावोगाव दिली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा राजधानीला कळलं की बी साठवून ठेवणं हे काम आहे. तोवर ते म्हातारीचं वेड होतं.

शाळेत काय, हाही प्रश्न येतोच. या भागातली पुष्कळ मुलं सकाळी चहा-बिस्किटावर शाळा गाठतात, आणि मग पोटाला आधार म्हणजे मधल्या सुट्टीतला शासकीय आहार. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनानं आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. अंडं न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला. अंडा पुलाव, नाचणीसत्त्व असे पदार्थ ऐच्छिक झाले आणि त्यांचा खर्च लोकसहभागातून उभा करावा, असं सुचवण्यात आलं. लोकसहभाग हा फार सुंदर शब्द आहे. ज्या घरात सकाळी अंडं नाही, त्या घरानं शाळेत अंड्यासाठी सहभागी व्हायचं.

राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची ही जात सह्याद्रीच्या पावसासाठीच घडलेली. कातडीला तेलकटपणा, त्यामुळं पाणी मुरत नाही, खूर कातळाला आणि चिखलाला पुरून उरणारे. प्रदर्शनात बैलाभोवती उभं राहून मालकांची बोलणी ऐकावीत. कधी पेंड द्यायची, किती वैरण, कामाच्या दिवशी काय वाढवायचं, हे इतक्या बारकाईनं चालतं की एखाद्या जिमवाल्यानं वही काढावी. चिखलणीच्या दिवशी बैलाला बिस्किटाचा पुडा द्यावा, असं आजवर एकाही मालकाच्या मनात आलेलं नाही.

दुपारी दोनच्या सुमारास चौघे डोंगर उतरून, पाय ओढत, परत राजूरच्या त्याच हॉटेलात येतात. आता तळलेल्याचं भय गेलेलं असतं. पण भिंतीवरच्या पाटीवर ‘गावरान थाळी’ दिसते आणि नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा असं मागवलं जातं. प्रत्येकी दोन भाकऱ्या होतात. पेढेवाला तिसरी मागतो. फोटो निघतात, खाली ‘मिलेट’ लिहिलं जातं. संगमनेर ओलांडेपर्यंत कोणाला चहाचीही आठवण होत नाही, आणि कोणी घड्याळाकडं बघत नाही, कारण त्याचं चार्जिंग संपलेलं असतं.

इकडं चुलीशी बसलेल्या मावशींना कोणी विचारलंच, तर त्या सांगतात की घरी नागली आता कमीच होते. पोरगा खात नाही, काळी दिसते म्हणतो. शाळेत जाताना त्याला पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा लागतो. टोपल्यात एक भाकरी उरलेली असते, एका कडेला फाटलेली. संध्याकाळी ती गोठ्यात जाते. बैल तिचा रंग बघत नाही.