मा. तेल-साखर फलक महोदय यांसी अनावृत पत्र

प्रति,
मा. तेल-साखर फलक महोदय,
कॅन्टीनची भिंत, बेसिनच्या वर,
सिव्हिल लाइन्स, नागपूर.

विषय : माझ्या पोटाची जबाबदारी आपण घेतल्याबद्दल आभार व काही किरकोळ मागण्या.

महोदय,

पत्रास कारण की, आपण भिंतीवर लागल्यापासून मला फार हलकं वाटून राहिलं आहे. वजनाचं म्हणत नाही. ते होतं तिथेच आहे, पँटचा हूक साक्षीला आहे. मनाचं म्हणतो. आजवर दुसरा समोसा उचलताना आत कुठेतरी टोचायचं. आता टोचण्याचं खातं आपल्याकडे गेलं. आपण वरून टोचायचं, मी खाली बसून खायचं. कामाची इतकी स्वच्छ वाटणी मी सरकारी नोकरीत दुसरी पाहिली नाही.

आपल्या जन्माची कथा मोठी गोड आहे. केंद्रीय आरोग्य सचिवांनी २१ जून २०२५ ला सगळ्या मंत्रालयांना पत्र धाडलं की, कार्यालयांत तेलाचे आणि साखरेचे फलक लावा, लेटरहेडवर आणि लखोट्यांवरही आरोग्याचा संदेश छापा. तारीख योगदिनाची. मग जुलैत नागपूरच्या एम्सचं नाव घेऊन बातमी फुटली आणि फुटतच गेली. पत्रात नुसता फलक होता. बातमी फिरता फिरता त्याचा सिगारेटच्या पाकिटावरचा इशारा झाला आणि तो थेट समोसा-जिलबीच्या कपाळी लागला. शेवटी १५ जुलैला सरकारला खुलासा करावा लागला की, ठेल्यावरच्या पदार्थांवर काहीही छापायचं नाही, फलक फक्त कामाच्या ठिकाणी लावायचे आहेत आणि आपल्या खाद्यसंस्कृतीशी कोणाचं वैर नाही. त्या दोन दिवसांत समोशाच्या बाजूने जेवढी माणसं उभी राहिली, तेवढी विदर्भाच्या अनुशेषासाठी एकदा उभी राहिली असती तर आज मी हे पत्र विदर्भ राज्याच्या राजधानीतून लिहीत असतो.

तर आपला मजकूर मी वाचला. समोशात तेल असतं आणि जिलबीत साखर असते, हे कळून धक्का बसला. समोसा उन्हात वाळवतात अशी माझी समजूत होती. नागपूरच्या मे महिन्यात तेही जमलं असतं म्हणा.

एक गोष्ट मात्र खटकली. आपल्यावर तर्री पोहे नाहीत. आपला नमुना दिल्लीत ठरला, तिथे ते कोणी सुचवले नसणार. म्हणून इथली परिस्थिती कळवतो. एखाद्या सकाळी अंबाझरीला किंवा फुटाळ्याला या. हात हलवत, जोरजोरात बोलत चालणारी मंडळी दिसतील. फेरी झाली की मोबाईलवर पावलं मोजतात, एकमेकांना दाखवतात आणि मग गाड्या काढून ठेल्यावर जातात. तिथे पोह्यांचा पिवळा ढीग वाफाळत असतो आणि शेजारच्या पातेल्यात तर्री असते. काळे चणे तळाशी, लाल तवंग वर. ठेलेवाला पळी तळापर्यंत घालू बघतो, पण जाणकार गिऱ्हाईक त्याला घालू देत नाही. ‘भाऊ, वरची मार ना बे, वरची!’ वरची म्हणजे निव्वळ तेल. ते पोह्यांवर पडलं की पिवळ्याचं केशरी होतं, केशरीचं लाल होतं, ताटलीच्या काठाशी लाल वळ साचतो, आणि पोहे संपल्यावर ताटली तिरकी करून तोही चमच्याने गोळा केला जातो. ज्यात प्रथिनं आहेत ते चणे पातेल्याच्या तळाशी सुखरूप राहतात. शेजारी उभा असलेला ट्रॅकसूट म्हणतो, ‘एवढं चाललो ना बापा आज, जिरून जाते सारं.’

जिरत नाही, महोदय. ग्रॅमभर तेलात ९ कॅलरी असतात. पळीत २० ग्रॅम तवंग धरला तरी १८० झाल्या. तेवढ्या जाळायला साधारण अंगाच्या माणसाला अर्धा-पाऊण तास झपाट्याने चालावं लागतं, आणि ट्रॅकसूट एका पळीवर थांबलेला मी कधी पाहिला नाही. पण हा हिशेब त्याला सांगणार कोण? आपण बेसिनच्या वर, तो ठेल्यापाशी.

घरचं सांगतो. प्रधानसेवकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये रेडिओवरून सांगितलं की, प्रत्येकाने तेल १० टक्के कमी करावं. आमच्याकडे लगेच अंमलबजावणी सुरू झाली, म्हणजे मी घरी जाहीर केलं. बायको म्हणाली, ‘कशाच्या १० टक्के? आधी किती लागते ते तरी ठाऊक आहे का तुम्हाले?’ प्रश्न आगाऊ होता, पण बिनचूक होता. आमच्याकडे तेलाचा १५ किलोचा पिपा येतो. तो कधी फुटला आणि कधी संपला याची नोंद कुणीच ठेवत नाही. संपला की नवा येतो, एवढंच. तिने मार्करने पिप्यावर तारीख टाकली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारसूत्रांत २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटासाठी २७ ग्रॅम तेल धरलं आहे. आम्ही चौघं. महिन्याला सव्वातीन किलो. म्हणजे आमचा पिपा साडेचार महिने पुरायला हवा. किती पुरला ते इथे लिहीत नाही, कारण हे पत्र छापलं जाण्याची शक्यता आहे. पण महोदय, आपल्या अंगावरच्या रंगीत चित्रांपेक्षा त्या पत्र्यावरची काळी तारीख मला जास्त झोंबली, हे इथे नोंदवतो. कारण ती समोशाबद्दल नव्हती, आमच्याबद्दल होती.

त्यातही एक गोम आहे. पुढचा पिपा थोडा जास्त पुरला. मी श्रेय घेणार तेवढ्यात मुलीने सांगितलं, ‘बाबा, तुम्ही आजकाल नाश्ता बाहेर करून राहिले ना!’

आता मुद्द्याची गोष्ट. जबाबदारीला बक्षीस पाहिजे. आमच्या खासदारांनी, म्हणजे गडकरी साहेबांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैनला भर कार्यक्रमात तिथल्या खासदारांना सांगितलं होतं की, वजन कमी करा, किलोमागे १००० कोटी रुपये मतदारसंघाच्या विकासाला देतो. आपणही कधीकाळी १३५ किलोचे होतो, हेही साहेबांनी सांगून टाकलं. उज्जैनचे अनिल फिरोजिया यांनी ते खरंच मनावर घेतलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये १५ किलो उतरल्याचं सांगितलं. देशात चरबीला मिळालेला हा सर्वोच्च भाव असावा. माझी मागणी त्या मानाने माफक आहे. मी साहेबांचा घरचा मतदार आहे. किलोमागे आमच्या गल्लीतला एक खड्डा बुजवावा. गल्लीतल्या मंडळींचं एकूण वजन बघता पुढल्या पावसाळ्याआधी रस्ता आरशासारखा होईल. झालंच तर फुटपाथवरच्या उभ्या गाड्या हटवाव्यात, म्हणजे चालायला सांगितलं तर चालता तरी येईल. गाडीने बागेत जायचं, तिथे गोल फिरायचं आणि गाडीने परत यायचं, ही आमची शारीरिक हालचाल फक्त पेट्रोल जाळते.

खाणं वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. महाल-इतवारीत जाऊन सावजीच्या रश्श्याला वाईट म्हणायची माझी छाती नाही. ते जेवण मुळात हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं. जवसाचं तेल, जहाल मसाला. पण ते खाणारा माणूस खड्डामागावर बसायचा. पाय खड्ड्यात, पावड्या दाबत. हातात धोटा, इकडून तिकडे, दिवस मावळेपर्यंत. रश्श्याचा तवंग त्या पायांनी जाळून टाकला. आमच्या एम्प्रेस मिलचंच बघा. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली. पिढ्यान् पिढ्या कामगार तिथे उभ्याने राबले. आज त्या जागेवर एम्प्रेस सिटी मॉल आहे. तिथे जिना स्वतः चालतो आणि माणूस उभा राहतो. २०२४ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अभ्यासात भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत असं निघालं. २००० साली हेच प्रमाण २२ टक्के होतं. माग गेला, गिरणी गेली, पावड्या गेल्या, रस्सा तेवढा राहिला. आता तो खातो कोण? सावजी भोजनालयात बाजूच्या टेबलावर बघावं: दिवसभर खुर्चीत बसलेला, दुपारी खुर्चीतच डुलकी काढलेला, आमच्यासारखा कोणी तरी. मसाला विणकराचा आणि अंग कारकुनाचं. यात रश्श्याचा काय दोष, सांगा.

तेव्हा महोदय, जे मला उघड्या डोळ्यांनी दिसतं, त्याची जबाबदारी माझी. तवंग मला दिसतो. जिलबीतून पाक गळताना दिसतो. दुसऱ्या समोशाकडे जाणारा हात कुणाचा आहे, तेही दिसतं. त्यासाठी मला फलक नको. आपली गरज आहे ती मला न दिसणाऱ्या गोष्टींसाठी, आणि तिथेच आपली दांडी.

म्हणजे असं. कढईतलं तेल किती वेळा तापलं, हे मला दिसत नाही. १ जुलै २०१८ पासून नियम आहे की, तेलातली पोलर संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. ही तपासायला यंत्र लागतं, ते मी काही खिशात घालून फिरत नाही. तेल काळं पडलं की मला शंका येते, पण तोवर समोसा तोंडात असतो. आपण म्हणता, समोशात तेल आहे. बापा, कालचं की परवाचं, ते सांग ना!

पाकिटाचंही तेच. समोसा निदान लपवत तरी नाही. हाताला लागतो, कागदाला डाग पाडतो. बिस्किटाचा पुडा मात्र सोज्वळ चेहऱ्याने बसतो. त्यावर गव्हाची लोंबी, दुधाचा पेला, हसरं मूल. साखर आणि तेल मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात, तेही अनेकदा शंभर ग्रॅमच्या हिशेबात. चष्मा लावून वाचावं आणि मग त्रैराशिक मांडावं. ३०० मिलीच्या कोलाच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहाल तर उत्तम. म्हणजे एका बाटलीत दिवस बुडाला, आणि बाटली दिसते कशी, तर थंडगार आणि निष्पाप. पाकिटाच्या पुढच्या बाजूला ठळक खूण असावी, म्हणून किती वर्षं घोळ चालू आहे. २०२२ च्या सप्टेंबरात ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा आला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांत शिफारशी द्या म्हणून सांगितलं. तीन महिने झाल्यावर आणखी तीन महिने मिळाले. आपल्याला भिंतीवर चढायला पंधरवडा पुरला, आणि त्या खुणेला पाकिटाच्या मागून पुढे येता येईना. बिस्किटाच्या बाजूने कुणी रस्त्यावर उतरलेलंही मी पाहिलं नाही. त्याला गरजच पडली नाही.

एवढं लिहिल्यावर वाटेल की, मी सगळं आपल्या आणि कंपन्यांच्या माथी मारून मोकळा झालो. आमच्याकडे ती कला आहेच. शुगर निघाली की आम्ही म्हणतो, ‘आमच्या घराण्यातच आहे.’ बीपी निघालं की साहेब कारणीभूत. पोट सुटलं की बायकोच्या हाताला चव फार. पाकिटातली साखर लपवली म्हणून कंपनीला शिव्या देणारा माणूस संक्रांतीला, दिवाळीला, साहेबांच्या बदलीला आणि बदली रद्द झाल्यालाही संत्रा बर्फीचा डबा आणतो, आणि ‘एक घेच’ म्हणून समोरच्याच्या हातात कोंबतो. आमच्या कॅन्टीनमध्ये आपलं उद्घाटन झालं तेव्हा नारळ फुटला, दोन भाषणं झाली, टाळ्या झाल्या, आणि मग आलेल्या पाहुण्यांना काय दिलं ते आपण वरून पाहिलंच आहे. प्लेटमध्ये दोन होते. नाही म्हणणारा एकच निघाला, आणि सगळ्यांनी त्याची चौकशी केली की, तब्येत बरी आहे ना?

तर मागण्या अशा. आपण बेसिनच्या वरून खाली यावं. तिथे माणूस खाऊन झाल्यावर पोचतो. जमल्यास काउंटरजवळ, कूपन फाडायच्या जागी बसावं. कॅन्टीनच्या कंत्राटदाराला महिन्याला किती पिपे लागले, तो आकडा आपल्या अंगावर खडूने लिहायची सोय करावी, म्हणजे चित्रातल्या अनोळखी समोशाऐवजी आम्हाला आमचं तेल कळेल. बैठकीत चहासोबत भाजलेले चणे किंवा हंगामात संत्री ठेवायचा आदेश काढावा. संत्र्यांच्या शहरात संत्रं बैठकीला येतं ते बर्फी होऊनच, हे जरा चमत्कारिक आहे. तर्री पोह्यांवर बंदीची शिफारस करू नये. केल्यास मी स्वतः मोर्चात पुढे असेन. ठेल्यावरची पळी तळापर्यंत जाऊ द्यायची की नाही, ते मी आणि ठेलेवाला बघून घेऊ. त्याचं माझ्यावर लक्ष असतंच. परवा त्याने माझ्या पोह्यांवर चणे टाकले, तवंग थोडकाच, आणि वर म्हणाला, ‘काका, वहिनी सांगून गेल्या.’

कळावे,

आपला आज्ञाधारक,
कॅन्टीनचा एक जुना सभासद

प्रत माहितीसाठी : मा. कंत्राटदार, कॅन्टीन (पिप्यांचा हिशेब सोबत जोडावा). घरी प्रत पाठवण्याची आवश्यकता नाही, तिथे सगळं आधीच कळलेलं आहे.