आधी फट बघा

कोंबडी संध्याकाळी खुराड्यात शिरायला तयार नसेल, तर तिला काठीने हाकलू नका. तिचं ऐका. आत काहीतरी आहे, आणि ते तिला आपल्याआधी कळलेलं आहे.

गेल्या आषाढात अंबरनाथच्या आमच्या घरामागे हेच चाललं होतं. नऊ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा. दिवेलागणीला आपणहून आत जाणारी ही मंडळी पेरूच्या झाडावर चढून बसायला लागली. पावसात भिजायची, पण खुराड्याकडे फिरकायची नाहीत. आम्ही एकेकीला धरून आत ढकललं आणि बाहेरून कडी लावली. असं बारा रात्री केलं. त्या बारा रात्री मला अजून टोचतात.

मग तुरे फिके पडले. लालभडक तुरा आधी गुलाबी झाला, मग पांढुरका. अंडी निम्म्यावर आली. खुडूक बसवलेली कोंबडी तेराव्या दिवशी अंडी सोडून उठली. एक शेजारी म्हणाले, मानमोडी असणार. पण मानमोडीत मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि बघता बघता खुराडं रिकामं होतं. इथे नुसता अशक्तपणा होता. कुणी म्हणालं नजर लागली. कुणी म्हणालं पावसाळाच आहे, होतं असं.

उत्तर दिलं ते गावठाणातल्या एका आगरी आजीने. तिने एवढंच विचारलं, "रात्री बॅटरी घेऊन बघितलंस का कधी?"

रात्री दहाला गेलो. कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालून पांढरं फडकं फिरवलं. फडक्यावर रक्ताच्या रेघा उमटल्या. दांडीचं टोक जिथे फळीत रोवलं होतं, तिथे तांबूस रवा सांडल्यासारखा दिसत होता. तो रवा चालत होता.

याला आपल्याकडे सरसकट पिसवा म्हणतात, कुणी उवा म्हणतात. दोन्ही नावं चुकीची, आणि नाव चुकलं की उपायही चुकतो. पिसू उडी मारते, हा मारत नाही. ऊ कोंबडीच्या अंगावरच जन्म काढते, हा काढत नाही. हा आठ पायांचा, गोचिडाच्या कुळातला, जेमतेम मिलिमीटरभर जीव. शास्त्रात त्याला डर्मानिसस गॅलिनी म्हणतात, पोल्ट्रीवाले रेड माइट म्हणतात. उपाशी असला की करडा, रक्त प्यायला की लाल. दिवसभर लाकडाच्या फटीत, पत्र्याच्या घडीत, वाळलेल्या शिटेच्या थराखाली दडून राहतो. अंधार पडला की बाहेर येतो, झोपलेल्या कोंबडीवर चढतो, पोट भरलं की परत फटीत. दिवसाउजेडी पिसं फाकवून बघणाऱ्याला मग काय सापडणार? "आमच्या कोंबड्या स्वच्छ आहेत" हे मीही आठवडाभर सगळ्यांना सांगत होतो.

अंबरनाथ-बदलापूरचा पावसाळा म्हणजे या किड्याची सुगी. उबदार, दमट हवेत तो सात ते दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण वाढतो. आता हिशेब करा. खुडूक कोंबडी एकवीस दिवस टोपलीतून हलत नाही. तेवढ्यात तिच्या पोटाखालच्या पेंढ्यात किड्यांच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या जातात. ती उठून गेली तर तिला कुलक्षणी म्हणू नका. आणि जी हट्टाने बसून राहते, तिची पिलं अंड्यातून निघाली की त्यांचं थेंब थेंब रक्त जातं आणि ती मरतात. घरात त्याला म्हणतात, "पिलं टिकत नाहीत आमच्याकडे."

आपल्याकडची खुराडी कशाची बनतात तेही बघा. एमआयडीसीतून आलेल्या पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या, जुने पत्रे, वर फ्लेक्सचा तुकडा. फळीवर फळी ठोकलेली. प्रत्येक जोड म्हणजे किड्यांची चाळ. बसायला बांबू सगळ्यात सोपा म्हणून तो लावतात, आणि त्याच्या पोकळ टोकात सगळ्यात मोठी वसाहत असते. आमच्याकडेही बांबूच होता.

यापुढचं मी रागाने लिहितो आहे.

कोंबड्यांचं खाद्य घेतो त्या दुकानात मी हे सांगितलं, तर काउंटरखालून एक बाटली निघाली. लेबल नाही, नाव नाही. "पाण्यात टाका, कोंबड्यांसकट सगळं फवारा, उद्या साफ." आत काय आहे विचारलं. "आयुर्वेदिक आहे." झाकण उघडलं तर भातावर फवारतात त्याचा वास. बाटली तिथेच ठेवून आलो. १९६८ चा कीटकनाशक कायदा सांगतो की कीटकनाशक लेबलाशिवाय विकता येत नाही. कायद्याला ५० वर्षं उलटून गेली आणि बाटली अजून काउंटरखाली आहे.

"आयुर्वेदिक" या शब्दाला भुलण्याची किंमत युरोपने मोजली आहे, आणि तीही याच किड्यापायी. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या एका सफाई कंपनीने पोल्ट्रीवाल्यांना रेड माइटवर जालीम औषध दिलं. निलगिरी आणि पुदिन्याच्या अर्काचं, म्हणे. त्यात फिप्रोनिल मिसळलेलं निघालं. फिप्रोनिल म्हणजे आपण वाळवीला आणि झुरळांना घालतो ते विष. अंडी-मांसासाठी पाळलेल्या जनावरांवर ते वापरायला युरोपात मनाई आहे. चरबीत विरघळत असल्यामुळे ते कोंबडीच्या अंगातून थेट अंड्याच्या बलकात उतरलं. चाळीसहून अधिक देशांत ती अंडी पोचली होती. लाखो अंडी नष्ट करावी लागली, कोंबड्या माराव्या लागल्या. तिथे प्रयोगशाळा होत्या म्हणून कळलं. आपल्या परसातलं अंडं कोण तपासतं? ते सकाळी थेट पोराच्या ताटात जातं, "गावठी आहे, ताकदीचं आहे" म्हणून.

त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मोकळ्या रानात हे झालं. खुराड्याच्या चार बाय तीनच्या बंद जागेत वाकून, तोंडाला रुमालही न बांधता फवारणाऱ्या माणसाचं काय होईल, ते त्या बाटलीवाल्याने सांगावं.

आम्ही काय केलं ते सांगतो. कोंबड्या दोन रात्री पडवीत डालग्यांखाली ठेवल्या. टोपलीतला पेंढा बाहेर काढून जाळला. विमको कंपनीच्या काडेपेट्या ज्या अंबरनाथमध्ये बनायच्या, तिथे एका काडीची वानवा नव्हती. शीट खरवडून काढली. मग बंबातलं उकळतं पाणी किटलीने एकेका फटीत ओतलं. पंचेचाळीस अंशांच्या वर हा किडा तग धरत नाही, त्यामुळे उकळत्या पाण्यासारखं स्वस्त औषध नाही. फक्त ते जोडाच्या आतपर्यंत पोचलं पाहिजे. वरून शिंपडून काही होत नाही. लाकूड वाळल्यावर दाट चुना फटींत भरला. बांबू फेकला. त्याजागी रंधा मारलेला एकसंध दांडा घेतला आणि तो भिंतीला कुठेही न टेकवता दोन लोखंडी पायांवर ठेवला, पायांखाली तेलाच्या वाट्या. मुंग्या चढू नयेत म्हणून फडताळाच्या पायाखाली आई पाण्याच्या वाट्या ठेवायची, तेच हे.

पण सगळेच माइट फटीत राहत नाहीत. आपल्यासारख्या उष्ण भागात आढळणारी दुसरी एक जात रात्रंदिवस कोंबडीच्या अंगावरच असते. शेपटीखालची पिसं काळपट, चिकट दिसली तर ती. तिसरी जात पायाच्या खवल्यांत घुसते. खवले उचलले जातात, पाय चुना फासल्यासारखे दिसतात. त्यावर पाय कोमट पाण्याने धुऊन खोबरेल तेल नाहीतर व्हॅसलीन रोज चोळायचं. अंगावरच्या जातीसाठी मात्र कोंबडी स्वतःच काही करत असते, आणि तिथे आपण तिची वाट अडवली आहे. कोंबडी धुळीत लोळते ती गंमत म्हणून नव्हे, ती तिची आंघोळ आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड केंद्रात यावर प्रयोग झाले. लोळायच्या खोक्यात गंधक मिसळलं, तेव्हा तिथे लोळणाऱ्या कोंबड्यांच्या अंगावरचे माइट जवळजवळ नाहीसे झाले. आपल्या आज्या खुराड्याजवळ चुलीची राख टाकायच्या, त्यामागे हेच शहाणपण होतं. आता चूल नाही. आणि अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक. नऊ कोंबड्यांना लोळायला हातभर माती आपण ठेवली नाही. चार फरशा उपटल्या, खड्ड्यात कोरडी माती आणि राख भरली, वर पत्रा टाकला. पहिल्याच सकाळी तिथे रांग लागली.

हे फक्त कोंबड्या पाळणाऱ्यांपुरतं नाही. माझ्या हातांना खाज सुटली तेव्हा एका डॉक्टरांनी खरूज म्हणून आठ दिवस मलम लावायला लावलं. खुराडं साफ झालं आणि खाज मलमाशिवाय थांबली. हा किडा माणसाला चावतो, पण माणसावर घर करत नाही. उल्हासनगर-अंबरनाथच्या इमारतींत ज्यांच्या खिडकीत, एसीच्या मागे कबुतरांनी घरटं केलं आहे आणि रात्री काहीतरी चावतं आहे, त्यांनी गादीत ढेकूण शोधण्याआधी ते रिकामं घरटं बघावं. हाच किडा कबुतरांवरही जगतो, आणि पक्षी उडून गेले की भुकेला घरात येतो.

औषध लागलंच तर पशुवैद्यकांना विचारून घ्या. सरकारी दवाखान्यात जा, नाहीतर १९६२ या क्रमांकावर फोन करा. आणि तिथे एक प्रश्न न विसरता विचारा: हे दिल्यावर अंडी किती दिवस खायची नाहीत? हा प्रश्न ऐकून जो "काही होत नाही" म्हणेल, त्याच्याकडून औषध घेऊ नका.

आज रात्री दहा वाजता बॅटरी आणि पांढरं फडकं घेऊन मागच्या दारी जा. काही सापडलं तर उद्याच उकळतं पाणी करा, आणि सातव्या दिवशी तेच सगळं पुन्हा करा. पहिल्या पाण्यातून वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात.